दुबई पाण्यावरून: खाडीपासून मरिनापर्यंत एका दिवसात

दुबईत पाहुणे आले की पहिल्या दिवशी बुर्ज खलिफा, दुसऱ्या दिवशी वाळवंटातली सफारी आणि उरलेला वेळ मॉलमध्ये, हा क्रम जवळजवळ ठरलेलाच. त्यात वाईट काही नाही. पण माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक दिवस बोटीने फिरायला पाठवते. हे शहर खाडीच्या तोंडाशी सुरू झालं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने नैर्ऋत्येकडे सरकत गेलं. बोटीने त्याच क्रमाने गेलं, की जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते कुणी सांगावं लागत नाही. यासाठी टूर कंपनीही लागत नाही. इथल्या वाहतूक प्राधिकरणाच्या, म्हणजे आरटीएच्या बोटी रोज चालतात आणि कामाला जाणारी माणसं त्यातूनच ये-जा करतात.

हा दिवस नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांसाठी आखलेला आहे. जून-जुलैमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा हे सगळं भर दुपारी करू नका, वयस्क मंडळी बरोबर असतील तर अजिबातच नको.

आदल्या दिवशी

सगळ्यात आधी फेरीची वेळ बघा. दुबई फेरी ही समुद्रातून जाणारी मोठी बोट. तिच्या दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात, आणि हंगामाप्रमाणे वेळा आणि मार्ग बदलतात. आरटीएच्या 'सहेल' ॲपवर ताजं वेळापत्रक मिळतं. खाडीकाठच्या अल घुबैबा धक्क्यावरून दुबई मरिनाला जाणारी दुपारची फेरी निवडायची आणि बाकीचा दिवस तिच्या मागेपुढे बसवायचा. लोक नेमकं उलटं करतात. बाजारात रमतात आणि धक्क्यावर पोचतात तेव्हा बोट गेलेली असते.

दुपारचीच का, तर उजेडासाठी. दुबईचा किनारा वायव्येकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य इमारतींच्या मागे असतो, त्यामुळे समुद्रातून त्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. दुपार कलली की ऊन समोरून पडतं आणि सगळा किनारा उजळून निघतो.

दुसरं काम नोल कार्डाचं. मेट्रो, बस, वॉटर बस सगळीकडे हेच कार्ड चालतं. सिल्व्हर कार्ड २५ दिरहमला मिळतं, त्यात १९ दिरहम वापरायला असतात. प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं. एकाच कार्डावर चौघं आत जाऊ शकत नाहीत. आणि एक-एक दिरहमची नाणी जवळ ठेवा. अब्रावर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या लाकडी होडीवर, रोख पैसे द्यायचे असतात, आणि शंभराची नोट पुढे केलीत तर नावाडी तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ती मुंबईच्या कंडक्टरला ओळखू येईल.

बॅगेत टोपी, गॉगल, पाण्याची बाटली आणि एक पातळ जॅकेट टाका. जॅकेट बाहेरच्या थंडीसाठी नव्हे, फेरीतल्या आणि मेट्रोतल्या एसीसाठी. शुक्रवार शक्यतो टाळा, कारण दुपारच्या नमाजाच्या वेळी बाजार बंद असतो. रविवारी जाणार असाल तर मेट्रो उशिरा सुरू होते हे ध्यानात ठेवा.

सकाळ: अल फहिदी

मेट्रोच्या ग्रीन लाइनने शरफ डीजी स्टेशनला उतरायचं. जुन्या लेखांत आणि नातेवाइकांच्या तोंडी याचं नाव 'अल फहिदी' असं सापडेल. इथली स्टेशनं प्रायोजक बदलला की नाव बदलतात, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी आलेल्या माणसाने सांगितलेल्या स्टेशनाच्या नावावर विसंबू नका. तिथून खाडीच्या दिशेने दहाएक मिनिटं चाललं की अल फहिदीचा जुना मोहल्ला लागतो.

याला पूर्वी बस्तकिया म्हणत. इराणच्या किनाऱ्याकडच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी इथे घरं बांधली. घरांच्या गच्चीवर चौकोनी मनोरे दिसतात, त्यांना बरजील म्हणतात. मनोरा चारही बाजूंनी उघडा असतो आणि आत तिरप्या भिंती असतात. वारा कुठल्याही बाजूने आला तरी अडून खाली खोलीत उतरतो. एखाद्या घरात बरजीलच्या बरोबर खाली उभं राहून वर बघा, मानेवर झुळूक लागते. विजेच्या पंख्याआधीची ही सोय होती, आणि ती अजून काम करते.

जवळच अल फहिदी किल्ला आहे. १७८७च्या सुमाराचा, शहरातल्या सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक. आतलं संग्रहालय दुरुस्तीसाठी बरीच वर्षं बंद राहिलं आहे. उघडं असलं तर आत जा, नसलं तर बाहेरून बघून पुढे चला. गल्ल्यांत मात्र वेळ काढा. सकाळी साडेआठ-नऊला इथे जवळजवळ कुणी नसतं. दहानंतर गटाने येणारे पर्यटक आले, की फोटोत भिंतीपेक्षा टोप्या जास्त येतात.

मग किल्ल्याजवळच्या मशिदीच्या मागच्या बाजूने पुढे निघालं की एक अगदी अरुंद बोळ लागतो. सगळे त्याला हिंदी लेन म्हणतात. झेंडूच्या माळा, उदबत्त्या, हळदकुंकू, देवांच्या तसबिरी, सगळं तिथे मिळतं. गणपतीच्या आधी दुबईतली मराठी कुटुंबं पूजेच्या सामानासाठी इथेच येतात. बोळ संपला की कापडबाजार सुरू होतो. पश्मिना म्हणून गळ्यात घातली जाणारी प्रत्येक शाल पश्मिना नसते, एवढं सांगून मी पुढे जाते.

अब्रा: एक दिरहमची सफर

कापडबाजारातून बाहेर आलात की खाडी समोर. इकडचा काठ बर दुबई, पलीकडचा देरा. मधल्या पाण्यावर लाकडी अब्रा सतत ये-जा करत असतात. कोकणातल्या खाडीवरची तर, म्हणजे होडी, ज्यांनी वापरली आहे त्यांना काही समजावायला नको.

दोन मार्ग आहेत आणि नवखा माणूस इथे गोंधळतो. 'दुबई ओल्ड सूक' धक्क्यावरून सुटणारी अब्रा पलीकडे 'अल सबखा'ला जाते. 'बर दुबई' धक्क्यावरून सुटणारी 'देरा ओल्ड सूक'ला जाते. दोन्हींचं भाडं एक दिरहम. माझा सल्ला असा: जाताना पहिला मार्ग घ्या, येताना दुसरा. मग देऱ्याच्या काठाने चालत बाजार बघता येतो आणि आल्या वाटेने परतावं लागत नाही. शिवाय परतल्यावर तुम्ही फेरीच्या धक्क्याच्या जवळ असता.

अब्राला वेळापत्रक नाही. भरली की सुटते, आणि ती दोन-चार मिनिटांत भरते. धक्का पाण्यावर हलत असतो आणि बोटही हलत असते. दोघांची वर-खाली एका लयीत आली की पाय टाकायचा. साडी किंवा लांब ड्रेस असेल तर आधी सावरून घ्या. मधोमध एक लांब बाक असतो, त्यावर लोक पाठीला पाठ लावून बाहेर तोंड करून बसतात. बाजूला कठडा नसतो, फक्त वर छप्पर आणि ते पेलणारे खांब. लहान मुलांना आतल्या बाजूला, मोठ्यांच्या मध्ये बसवा. नावाडी मधल्या खळग्यात उभा असतो, त्याचं डोकं तुमच्या खांद्याच्या पातळीवर येतं. बोट निघाली की तो हात पुढे करतो आणि नाणी एकमेकांच्या हातातून त्याच्यापर्यंत पोचतात. नावाडी बहुतेक उपखंडातलेच, हिंदी बोलणारे. फोन मात्र घट्ट धरा. खाडीत पडलेला फोन काढून देणारा कुणी नसतो.

पूर्ण अब्रा तासाच्या भाड्यानेही मिळते. शंभर-सव्वाशे दिरहमांच्या आसपास दर असतो आणि धक्क्यावर तो लिहिलेला असतो. सहा-सात जण असाल, बरोबर गुडघेदुखीवाले आई-बाबा असतील, तर हा खर्च सार्थकी लागतो. धक्क्याबाहेर 'बोट टूर, बोट टूर' म्हणत मागे लागणाऱ्याशी न बोलता थेट आतल्या माणसाला विचारा.

देऱ्याचा काठ

अल सबखाला उतरलात की आधी उजवीकडे वळा. मालाची लाकडी गलबतं काठाला लागलेली असतात. धक्क्यावर उघड्यावर टायर, फ्रिज, एसी, तांदळाची पोती, प्लॅस्टिकच्या खुर्च्या असा ढीग रचलेला असतो, आणि हा माल इराणकडे नाहीतर सोमालियाकडे निघालेला असतो. खलाशांचे कपडे दोरीवर वाळत असतात, स्टोव्हवर काहीतरी शिजत असतं. असली गलबतं कच्छमधल्या मांडवीला अजूनही बांधतात. खलाशांचे फोटो काढायचे तर विचारून काढा. बहुतेक जण हसून हो म्हणतात. काठावरच्या दोऱ्यांपासून जपून चाला.

या खाडीत मोठी जहाजं येऊ शकत नव्हती, कारण ती गाळाने भरत चालली होती. दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी १९५९ ते १९६१च्या सुमाराला कर्ज काढून गाळ उपसून घेतला. तेल सापडलं ते १९६६ मध्ये, म्हणजे नंतर. दुबई तेलाने मोठी झाली असं कुणी म्हणालं, की मी त्यांना या काठावर उभं करते.

मग मागे फिरून काठाने चालत मसालाबाजाराकडे जायचं. इथे दुकानदार तुम्हाला बघून 'आओ भैया, केसर देखो' म्हणतात आणि क्वचित कुणी 'काय पाहिजे, ताई?' असंही म्हणतो. घेण्यासारख्या गोष्टी तीन: इराणी केशर, काळं पडलेलं सुकं लिंबू आणि ओमानचा लुबान, म्हणजे धुपासारखा जाळायचा सुगंधी डिंक. सुक्या लिंबाला इथे लूमी म्हणतात. आमटीत एक टोचून टाकलं की आमसुलाहून वेगळा, किंचित धुरकट आंबटपणा येतो. केशर ग्रॅमवर घ्या. काड्या गडद लाल हव्यात, पिवळं टोक जितकं कमी तितकं बरं. पहिला भाव ऐकून निम्म्यावर या आणि दुकानातून बाहेर पडायची तयारी ठेवा. मोठ्या डब्यात भरून वर फितीने बांधलेलं, स्वस्तातलं 'केशर' करडईचं निघू शकतं.

इथल्या जुन्या लोकांना भारतीय रुपया परका नाही. एकेकाळी या सगळ्या किनाऱ्यावर भारताचाच रुपया चाले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६ मध्ये आपल्याकडे अवमूल्यन झाल्यावर त्या इथून गेल्या. दिरहम आला १९७३ मध्ये.

सोनेबाजार पाचेक मिनिटांवर आहे. दिवसाचा भाव सगळीकडे सारखाच आणि फलकावर लावलेला असतो. घासाघीस फक्त घडणावळीवर करायची. खरेदी करायचीच असेल तर वेगळ्या दिवशी या. सोनं बॅगेत घेऊन दिवसभर बोटीतून हिंडणं हा विचार मला पटत नाही. आणि परतताना कस्टमचे नियम आधी वाचून घ्या.

आता 'देरा ओल्ड सूक'वरून अब्रा पकडून बर दुबईला परत.

जेवण

मीना बाजारच्या परिसरात थाळी, डोसा, छोले, चाट सगळं मिळतं, शाकाहाऱ्यांना काही अडचण नाही. मराठी चवीचं जेवण हवं असेल तर करामा भागात जावं लागेल, पण या दिवशी तेवढा वेळ नसतो. समुद्रात जायचं आहे, तेव्हा पोटभर तळलेलं खाऊ नका. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी. बोट हलायला लागल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नाही. वेळ उरला तर कडक चहा घ्या. इथे त्याला करक म्हणतात आणि तो कागदी कपात, दोन-तीन दिरहमला मिळतो.

दुपार: फेरी

अल घुबैबाचा जलवाहतूक धक्का घुबैबा मेट्रो आणि बसस्थानकाजवळच आहे. सुटण्याच्या अर्धा तास आधी पोचा, सुट्टीच्या दिवशी त्याहून आधी. सिल्व्हर आणि गोल्ड असे दोन वर्ग असतात. लांबच्या फेरीला सिल्व्हरचं तिकीट साधारण ५० दिरहमच्या घरात असतं आणि तेच पुरेसं आहे. बाहेरचं दृश्य दोन्ही वर्गांना सारखंच.

मरिनाकडे जाताना डावीकडे बसा. किनारा सगळा त्याच बाजूला आहे. उजवीकडे बसणाऱ्यांना तास-दीड तास फक्त पाणी दिसतं. खिडक्यांवर खाऱ्या पाण्याचे डाग असतात, त्यामुळे फोटो काढायचे तर बोट संथ झाल्यावर मागच्या मोकळ्या डेकवर जा. टोपी हातात घ्या.

धक्का सोडला की शिंदाघाचा जुना भाग लागतो. दुबईचे एकेकाळचे शासक शेख सईद यांचं १८९६ मध्ये बांधलेलं घर याच काठावर आहे. पुढे २०२२ मध्ये खुला झालेला इन्फिनिटी पूल, आणि त्याच्या खालून बोट उघड्या समुद्राकडे निघते. डावीकडे पोर्ट रशीद. तिथे 'क्वीन एलिझाबेथ-२' हे नावाजलेलं जहाज २०१८ पासून हॉटेल म्हणून नांगरलेलं आहे. याच पाण्यातून एकेकाळी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत करत आखातात येत. त्यातली शेवटची 'द्वारका', १९८२ मध्ये ती बंद झाली. कोकणातून आखातात आलेली पहिली पिढी विमानाने नव्हे, या बोटींच्या डेकवरून आली.

उघड्या समुद्रात बोट थोडी डुलते. क्षितिजाकडे बघत बसा, फोनकडे नको. डावीकडे जुमेराची बुटकी घरं आणि त्यांच्या मागे दूरवर ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा दिसतो. जवळून बघताना त्याची उंची मानेला कळते. समुद्रातून बघताना बाकीच्या इमारतींशी तुलना करता येते, आणि ती तुलना जास्त बोलकी आहे. मग बुर्ज अल अरब. ३२१ मीटर उंच, १९९९ मध्ये उघडलेलं शिडाच्या आकाराचं हे हॉटेल किनाऱ्यापासून साधारण २८० मीटरवर, भराव घालून केलेल्या बेटावर उभं आहे. रस्त्यावरून त्याची एकच बाजू दिसते. दुसरी बाजू कशी दिसते ते पुष्कळ जणांना माहीत नसतं. शिडाची पांढरी बाजू किनाऱ्याकडे असते, आणि समुद्राकडून दिसतो तो मागचा उभा कणा. दोन्ही बघितल्याशिवाय ही इमारत कळत नाही.

पुढे पाम जुमेरा, खजुराच्या झाडाच्या आकाराचं भराव घालून केलेलं बेट. इथे बहुतेकांची निराशा होते. विमानातून दिसणारं खजुराचं झाड पाण्याच्या पातळीवरून दिसत नाही. दिसतो तो बाहेरचा अर्धगोल बांध आणि त्यावरचं अटलांटिस हॉटेल. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे बरोबरची मुलं 'झाड कुठाय?' म्हणून रडत नाहीत.

काही फेऱ्या मध्येच दुबई कॅनॉलमध्ये वळतात. २०१६ मध्ये झालेला हा सव्वातीन किलोमीटरचा कालवा बिझनेस बे भागापासून समुद्राला मिळतो. त्यामुळे खाडीचं दुसरं टोकही समुद्राला लागलं, आणि बर दुबईसकट मधला सगळा तुकडा चारी बाजूंनी पाण्यात आला. शेख झायेद रस्त्याच्या पुलावरून कृत्रिम धबधबा पडतो आणि खालून बोट जाताना तो थांबतो. तुमची फेरी तिकडून जाणार आहे का, ते तिकिटाच्या खिडकीवर विचारा.

वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात. तसं झालं तर हिरमुसू नका. ग्रीन लाइनने शेवटच्या क्रीक स्टेशनला जा. बाहेरच अल जद्दाफचा धक्का आहे, तिथून फेस्टिव्हल सिटीला थोड्याच दिरहमांत अब्रा जाते. खाडीचं पाणी संथ असतं आणि पलीकडे पाण्याच्या काठाने चालायला छान जागा आहे.

संध्याकाळ: मरिना

मरिना म्हणजे वाळू खणून आत समुद्राचं पाणी घेतलेला साधारण तीन किलोमीटरचा कालवा. दोन्ही काठांना उंच इमारती. त्यात पीळ घातल्यासारखी दिसणारी केयान टॉवर शोधा. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ती बरोब्बर ९० अंश वळते.

फेरीतून उतरलात की थेट मॉलमध्ये शिरू नका. वॉटर बस पकडा. नोल कार्डावर चालते, छोटी, थंडगार बोट असते, आणि कालव्यातल्या धक्क्यांवर थांबत जाते. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत जा आणि परतताना काठाने चालत या. दिवे लागताना कालव्याचा रंग बदलतो तो चालतानाच नीट दिसतो.

आता धाऊ क्रूझबद्दल, कारण हा प्रश्न हमखास येतो. दिव्यांनी सजवलेल्या लाकडी बोटीवर दोन तासांचा फेरा, बुफे आणि गोल फिरणारा तनुरा नाच. दिवसभर खऱ्या बोटींतून फिरल्यावर मला ते नको वाटतं. जेवण बेताचंच असतं आणि स्पीकर मोठा. पण पाय दुखणारे सासू-सासरे बरोबर असतील, एका जागी बसून जेवण आणि देखावा दोन्ही हवं असेल, तर घ्या. बुकिंग करताना भाव करा, शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी लिहून कळवा, आणि वरच्या उघड्या मजल्यावरची जागा मागा.

परत

मरिनाहून रेड लाइनने बर्जुमान, तिथे बदलून ग्रीन लाइन. सिल्व्हर कार्डावर लांबचं भाडं साडेसात दिरहम. डब्यात चढण्याआधी दारावरची पाटी वाचा. एक भाग गोल्ड वर्गाचा आणि एक बायका-मुलांचा असतो. चुकीच्या डब्यात सापडलात तर १०० दिरहम दंड, आणि 'आम्ही पाहुणे आहोत' हे कारण चालत नाही. मेट्रोत खाणंपिणंही मना आहे, पाण्याचा घोटसुद्धा. दिवसभर फिरून कंटाळलेल्या मुलाच्या हातात चिप्सचं पाकीट असेल, तर ते गेटच्या बाहेरच संपवू द्या.